डावीकडची सीट

नाही, नाही, मोडलेली नाहीये ती. मुद्दाम तशी केलीय. तुम्हाला वाटलं असेल ठोकर लागलीय, म्हणून वाकलीय — सगळ्यांना तसंच वाटतं. डावीकडची सीट खाली बसवलीय, बुडाखालचे मूळचे रूळ काढून टाकलेत, आणि दाराच्या बाजूचा तो उंचवटा असतो ना, मांडीला धरून ठेवणारा, तो मी स्वतः कापलाय. कापडाच्या कात्रीनं. आणि वर मानेशी जी उशी दिसतेय ती कारखान्यातली नाही, ती माझ्या मशिनवरची. टाके बघा. बघा जवळून, हसू नका, तुमच्या त्या कंपनीच्या टाक्यांपेक्षा सरळ आहेत. काढायचीय? काढा की. गाडी आता तुमची, माझ्या लेकीशी तुमचं सगळं बोलून झालंय, मूळची सीट घाला, नाहीतर खुर्ची टाका, मला काय विचारताय? माळ्यावर आहे मूळची, कापडात गुंडाळून ठेवलीय, जाताना देते. फक्त ते बोल्ट उलट्या बाजूनं आहेत, खालून. वरून कितीही जोर लावलात तरी हलणार नाहीत. खालून जावं लागतं. — मीच लावलेत, मला नाही माहिती तर कोणाला?

पाहिलंत ना, हीच गंमत होते. माणसं येतात, घराकडे बघून विचारतात, साहेब आहेत का, गाडीची माहिती हवी होती. साहेब नाहीत म्हटलं की चेहरा पडतो. आता ह्या बाईला काय विचारायचं, रंग कोणता आहे? तुम्ही तसं नाही केलंत. म्हणून तर एवढी बोलतेय. आणि तुमच्या नखांत काळं आहे, साबणानं जात नाही ते, ते बघितलं आणि म्हटलं, चला, निदान हौशी माणूस दिसतोय, नुसता फोटो काढून मिरवणारा नाही. बसा त्या स्टुलावर. ती खुर्ची नको. स्टुलावर बसा.

ही आली ना घरी, तेव्हा स्वतःच्या इंजिनावर नव्हती आली. दोरीनं ओढत आणली. आमच्या ह्यांनी — आता साहेब म्हणण्यासारखं काही नव्हतं हं, चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायचे, फ्रेमला बसवायचे, दिवसभर डोळ्याला भिंग लावून — तर ह्यांनी दार उघडून सांगितलं, बघ काय आणलंय. मी बाहेर आले. पत्रा गंजलेला, वरचं कापडी छत फाटून लोंबतंय, आत पानं कुजलेली, आणि पुढचे ते दिवे, हे उघडमीट करणारे, त्यातला एक वर आलेला आणि दुसरा मिटलेला. मी म्हटलं, अहो, ही तर डोळा मारतेय तुम्हाला. असे लाजले! तरुण असताना कुठल्यातरी मासिकात फोटो बघितला होता म्हणे. जपानी, दोनच सीटची, हलकी, मागच्या चाकांवर पळणारी. तेव्हापासून मनात. माणूस किती वर्षं एखादी गोष्ट मनात ठेवतो आणि बायकोला पत्ता नाही. शेजारीण म्हणाली, सवत आणली हो तुमच्या ह्यांनी. मी म्हटलं, सवत असती तर चार भांडी तरी घासली असती.

मी ह्यात पडणारच नव्हते. माझं शिवणकाम, पडदे, गणवेश, उशांचे अभ्रे, मला काय करायचंय इंजिनाशी? पण ते छत. फाटलेलं कापड डोळ्यांसमोर असलं की मला झोप लागत नाही, सवयच तशी. एका दुपारी ह्यांना न सांगता मापं घेतली आणि जाड कापडाचं नवं छत शिवून काढलं. मागच्या काचेपाशी वळण आहे ना, तिथं रडकुंडीला आले होते, पण बसवलं. कामावरून आले, बघितलं, हात फिरवला. मग म्हणाले, ह्या पाण्याच्या पंपाचं गॅस्केट, मधे बसते ती कागदी चकती, कापून देशील का, तुझा हात सरळ आहे. झालं! बोट दिलं आणि हात गेला. मग गॅस्केट, मग आतलं अस्तर, मग पाना धर, मग जॅक चढव. लेक सुट्टीत आली तर आई गाडीखाली आणि बाबा चहा करतायत. ती दारातच उभी राहून हसत सुटली. चांगले दिवस होते हो. म्हणजे तेव्हा कळत नाही ना, तेव्हा नुसतं अंग दुखतं.

इंजिन पहिल्यांदा चालू झालं तेव्हा — नाही, ते राहू दे. ते सगळ्यांचंच होतं तसं. तुमचंही झालं असेल.

तर, पाय. डावा पाय. चालताना ह्यांची डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली. घरातल्या घरात. मी म्हणायचे, नीट घाला की, मागचा पट्टा शिवून देऊ का? दिलाही शिवून. मग जिन्यावर अडखळले. मग एकदा गाडी फिरवायला बाहेर काढली आणि क्लच दाबताच येईना. पाय ठेवला पण जोरच नाही. मला म्हणाले, क्लच फार जड झालाय, काहीतरी अडकलंय, बघायला हवं. आणि आम्ही दोघांनी, ऐका, आम्ही दोघांनी तो सगळा क्लच खोलला. ह्यांचा मित्र वेल्डिंग करतो, ठिणगी म्हणतो आम्ही त्याला, तोही आला. तिघांनी मिळून गिअरबॉक्स उतरवला, नवी प्लेट घातली, सगळं परत चढवलं. ठिणगी बसला, दाबला, म्हणाला, लोण्यासारखा आहे. मी बसले, मला जमला. मग हे बसले. जड. खूप जड. ठिणगीनं माझ्याकडे बघितलं. नंतर डॉक्टर, तपासण्या, सुया, आणि त्या आजाराचं लांबलचक नाव. नाव घेऊन काय करायचंय आता? स्नायू एकेक करून संप करतात, बाकी माणूस आतून जसाच्या तसा. डोकं शाबूत. हेच तर वाईट. घरी येताना रिक्षात हे म्हणाले, म्हणजे क्लच चांगलाच होता तर.

पण हार मानणारे नव्हते. पाय गेला तर हात आहे, म्हणाले. मोटारसायकलीचा क्लचचा लिव्हर असतो ना, तो गिअरच्या दांड्यावर बसवला, मधे पुली टाकून जोर हलका केला, वरून ओढला की खाली पेडल आपोआप बसायचं. ते बघा, दांड्यावर दोन भोकं बुजवल्यासारखी दिसतायत ना, तीच. ठिणगीनं वेल्डिंग केलं, मी केबलला वरून आवरण शिवलं. आणि चालली हो गाडी! ह्यांनी गल्लीला वळसा घातला, एक नाही, पुनःपुन्हा घातला, शेजारीण गॅलरीतून ओरडली, अहो पुरे, चक्कर येतेय मला! मला वाटलं, जिंकलो. पाय गेला तर गेला. एवढ्यावर थांबलं तरी चालेल, मी मनातल्या मनात सौदा करून टाकला. कोणाशी, ते माहीत नाही.

मग डावा हात. हे म्हणाले, आमची डावी बाजू सगळी विरोधी पक्षात गेली. हसले. मी पण हसले. लिव्हर उजव्या बाजूला घेतला, स्टिअरिंगच्या मागे. तो बसवून होईपर्यंत उजव्या हाताची पकड सैल. असंच चाललं होतं. आम्ही एक बदल करायचो, तो पुरा व्हायच्या आत ते दुखणं एक पायरी पुढं. ठिणगी म्हणायचा, वहिनी, मी रात्री ठरवतो, सकाळी आणतो, तोवर माप बदललेलं असतं. एके दिवशी नवा ब्रॅकेट घेऊन आला, ह्यांच्या हाताकडे बघितलं, आणि ब्रॅकेट तसाच पिशवीत ठेवून नुसता चहा पिऊन गेला. पुढं पुष्कळ दिवस आलाच नाही बिचारा.

हो, पिते ना पाणी. तुम्हाला हवंय? नको? बरं.

मग उरले मी. हे त्या खुर्चीत बसायचे — हो, तीच, चाकांची — आणि मी त्यांचे हात. तोंड चालू होतं अजून. हा पाना नको, तो घे. अर्धा वळसा. बस्स. ऐक, आवाज बदलला का? गाडीच्या कामात ह्यांच्यासारखा शांत माणूस नाही आणि माझ्यासारखी उतावळी बाई नाही. भांडायचो! बोल्टवरून भांडायचो, डॉक्टरवरून नाही. एकदा मी म्हटलं, तुम्हीच करा मग! आणि तोंडातून गेल्यावर — असू दे.

पण मी काय सांगत होते? हां, खालून. थंडीचे दिवस होते. हे म्हणाले, खाली जाऊन मागच्या बाजूचे बोल्ट तपास, ढिले वाटतायत. गेले. सगळे घट्ट. दुसऱ्या दिवशी परत, सायलेन्सरपाशी बघ गं, खडखड येतेय. गेले. काही नाही. गाडी चालूच नव्हती हो, खडखड कुठून येणार? पण मी जात होते, पाठीखाली फळी घेऊन, छताकडे बघितल्यासारखी त्या पत्र्याकडे बघत. आणि दर वेळी मी खाली जायच्या आधी हे म्हणायचे, तो पंखा माझ्याकडे कर, उकडतंय. थंडीत! मला वाटलं, दुखण्यानं अंगात काही उष्णता वाढत असेल. मी पंखा त्यांच्या तोंडाशी लावायचे आणि खाली सरकायचे.

खालून काय दिसतं? चाकं दिसतात आणि पाय. ह्यांचे पाय, पायमोजे मीच चढवलेले, आणि फरशी. फरशीवर धूळ होती, पॉलिश पेपर मारलेला होता ना. आणि त्या धुळीत ठिपके पडत होते. आधी वाटलं, रेडिएटर. आयुष्यभर गळती शोधली की सगळीकडे गळतीच दिसते. मग कळलं.

हात उचलत नव्हते ना. डोळे पुसणार कसे? माझ्यासमोर रडले असते तर मीच पुसले असते, पण तेच नको होतं त्यांना. म्हणून मला खाली पाठवायचे. आणि पंखा कशाला, तर गाल वाळायला. मी वर येईपर्यंत वाळायला हवे ना. थंडीत वेळ लागतो.

मग मी काय करणार? मी खालीच राहायचे. पाना घेऊन उगाच ठोकायचे, टिक टिक, काम चाललंय असं. वरून आवाज यायचा, झालं का गं? आवाजावरून मला कळायचं, अजून झालेलं नाही. मी म्हणायचे, एक बोल्ट राहिलाय. मग जरा वेळानं, ये आता. तो ‘ये आता’ कोरडा असायचा. मग मी बाहेर यायचे. गालावर पांढरी रेघ असायची, मिठाची. मी म्हणायचे, अहो, ग्रीस लागलंय तुम्हाला, आणि ओल्या फडक्यानं पुसून टाकायचे. आणि हे म्हणायचे, तुला तर तोंडभर लागलंय. कारण मी पण — खाली — म्हणजे दोघांच्या मधे एक पत्रा, एवढंच. ह्या गाडीचा एक बोल्ट तुम्हाला ढिला सापडणार नाही, सांगून ठेवते. इतक्यांदा घट्ट केलेत.

त्यांना माहीत होतं का? मला माहीत आहे, हे त्यांना माहीत होतं का? बघा, हे मी लेकीला पण सांगितलेलं नाही. तुम्हीही नका सांगू.

शेवटी एक दिवस म्हणाले, शब्द जड झाले होते तेव्हा, एकेक ओढून काढावा लागायचा, म्हणाले, आता तू शीक. मला वाटलं काय शीक? तर गाडी. ह्या वयात! मी म्हटलं, मला सायकल नाही येत धड. म्हणाले, तू शीक, मी डावीकडे बसतो. म्हणून ती सीट. खुर्चीतून सरळ घसरून आत जाता यावं म्हणून खाली घेतली, मांडीला अडू नये म्हणून कापली, मान लटकू नये म्हणून उशी शिवली, कपाळाला पट्टा, मऊ अस्तराचा. सगळं मी मापानं केलं, आणि माप जरा सैल ठेवलं नाही, अंग पुढं आणखी वाळणार हे धरूनच केलं. शिवणाऱ्या बाया लहान मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवतात ना, तसं. फक्त उलटं. मोटार ड्रायव्हिंग स्कूलवाला म्हातारा होता, पोरी क्लच सोड, पोरी क्लच सोड, करत ओरडायचा, साठीच्या बाईला पोरी! परवाना मिळाला त्या दिवशी मी येऊन ह्यांच्यासमोर नाचवला. तोवर बोलणं बंद झालं होतं. डोळे वर केले की हो, मिटले की नाही. डोळे वर गेले. छतापर्यंत गेले.

एकदाच गेलो आम्ही. तलावाच्या वर तो वळणावळणाचा रस्ता आहे ना, तिथं. दुपारची वेळ, वाहतूक नाही. लेक आणि ठिणगी दोघांनी उचलून बसवलं, ठिणगी मान वळवून उभा. लेक म्हणाली, मी मागून दुसऱ्या गाडीनं येते, मी म्हटलं, नाही. छत उघडलं, माझ्या हातचं छत, आणि निघालो. पहिल्या चढावर बंद पडली. दुसऱ्यांदा पण. तिसरा गिअर टाकताना असा आवाज काढला मी, दात उपटल्यासारखा, कोणाचंही काळीज हललं असतं, एवढी वर्षं तोच गिअरबॉक्स जपला आम्ही. मी म्हटलं, माफ करा हो! आणि मग वळणं आली आणि गाडी — तुम्हाला माहितीय ना ही कशी वळते? नुसतं बघितलं तिकडे की वळते. मला माहीतच नव्हतं. एवढी वर्षं खालून ओळखत होते तिला मी, वरून कधी भेटलेच नव्हते. वारा, आणि ऊन, आणि मी पण ओरडले असेन बहुतेक.

आणि बाजूनं आवाज यायला लागला. घशातून. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, ह्या दुखण्यात हसू आणि रडू दोन्ही आपोआप येतं, दोन्ही सारखंच दिसतं, त्याचा अर्थ लावू नका. अर्थ लावू नका! संसार केलेल्या बाईला सांगतायत. मी कडेला गाडी घेतली, हँडब्रेक ओढला, बघितलं तर तोंड वेडंवाकडं, खांदे हलतायत, डोळ्यांतून पाणी. मी विचारलं, हसताय? डोळे वर. हो. मला इतकं बरं वाटलं. पण मग राहवेना, मी विचारलं, रडताय? डोळे वर. पुन्हा वर, पार वर.

मग मी फडकं घेतलं आणि पहिल्यांदा, उघड्या रस्त्यावर, दिवसाढवळ्या, त्यांच्या समोर बसून गाल पुसले. ग्रीस लागलंय असं काही म्हटलं नाही. विचारलं, घरी जायचं? तर डोळे मिटले. नाही. गच्च मिटले. म्हणून मग पुढं गेलो. तलाव संपला, रस्ता संपला तिथून वळलो, परत वर, परत खाली. पेट्रोलचा दिवा लागेपर्यंत.

त्यानंतर लवकरच गेले. साधा खोकला झाला. साधाच.

आता विचाराल, मग विकता कशाला? सगळेच विचारतात, एवढी चांगली चालवता म्हणे तुम्ही. चालवते. चालवून बघितली मी. डावीकडे बघितलं की — उशीला मानेचा खड्डा पडलाय, अजून आहे, बघा हात लावून. नको, नका लावू. पण त्याचं पण काही नाही, ते मी सोसलं असतं. लेक आली होती गेल्या महिन्यात, न सांगता. घरभर हाका मारल्या तिनं. मी गाडीखाली होते. गाडीचं काही काम नव्हतं. फळीवर पडून होते, पाना छातीवर, आणि फरशीकडे बघत होते. धूळ मी झाडत नाही तिथली. ती वाकली, मला बघितलं, तीही तशीच सरकून आत आली, चांगले कपडे होते अंगावर, आणि माझ्या बाजूला पडून राहिली. पुष्कळ वेळ. मग म्हणाली, आई, चल वर. मी काय म्हणाले असेन? म्हणाले, एक बोल्ट राहिलाय. ती रडली हो. तिला त्याचा अर्थ माहीत नाही, तरी रडली. तेव्हाच म्हणाली, आई, ही गाडी जाऊ दे.

बरोबरच आहे तिचं.

अहो, आता तुम्ही नका — हे घ्या फडकं. घ्या. चष्मा काढून पुसा. एवढा मोठा माणूस. उगाच सांगितलं मी, तुम्ही आपले सीटचं विचारलंत आणि मी कुठल्या कुठं. ही किल्ली. थंड असताना दुसरा गिअर लागणार नाही, जबरदस्ती करू नका, जरा गरम होऊ द्या. डावा दिवा हातानं उचलावा लागतो. चढावर क्लच सावकाश सोडा, आधी थोडा, मग ती पुढं ओढायला लागली की — कळेल तुम्हाला. मूळची सीट वर आहे, ती नंतर न्या, लेकीला फोन करा. आज नको. आज गाडी आहे तशीच न्या.

नाही, आत्ता चालू नका करू. मी आत जाते. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडते, पूर्ण सोडते. पाण्याचा आवाज आला की मग करा चालू. दार तसंच राहू द्या, मी नंतर लावते.

जा म्हणते ना.